पूर्णेच्या पंच सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुमचं नाव लिहीत नाही. मॅच संपल्यावर पंचाचं नाव कुणाच्या तोंडी नको, असं तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. परभणीच्या आमच्या कॉलेजातल्या अठरा पोरांना हे पत्र कुणाला आहे ते पहिल्या ओळीत कळेल. बाकीच्यांनीही वाचावं, म्हणून उघडं लिहितोय.

२०२४ च्या ऑक्टोबरातली ती मॅच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची पहिलीच फेरी आणि आम्ही सात गोल खाल्ले, एकही केला नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही पहिल्याच फेरीत घरी आलो होतो. समोरच्या कॉलेजची पोरं रेषेबाहेर उभी राहून "जगात जर्मनी, भारतात परभणी" ओरडत होती. ही म्हण आम्ही लहानपणापासून छाती फुगवून म्हणत आलोय. त्या दिवशी ती ऐकवेना. आणि तो सगळा राग आम्ही तुमच्यावर काढला. शिट्टी तुमच्या हातात होती ना. तिसऱ्या गोलनंतर आम्ही सहा-सात जणांनी तुम्हाला घेरलं, मी कॅप्टन असून सगळ्यात पुढं होतो. तुम्ही मला पिवळं कार्ड दाखवलंत आणि घड्याळ बघून खेळ सुरू केलात.

मॅच संपल्यावर आम्ही लिंबाखाली बुटांचा चिखल काढत बसलो होतो. तुम्ही कपडे बदलून, पिशवी खांद्याला लावून आमच्याकडं आलात. मला वाटलं, आता तक्रार होणार. तुम्ही खाली मातीतच बसलात आणि विचारलंत, "काय करायलाव रे लेकराहो? सातातले चार गोल त्यांनी केले नाहीत, तुम्ही दिलेत. सांगू का?"

आणि तुम्ही काडीनं जमिनीवर आखून एकेक गोल दाखवलात. पहिला थ्रो-इनवरचा. त्यांचा फॉरवर्ड आमच्या मागं एकटा उभा होता आणि आमचे पाच जण ऑफसाइड (बॉल दिला जाताना बचाव करणाऱ्यांतल्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढं असणं) मागायला हात वर करून थांबले होते. थ्रो-इनमधून थेट आलेल्या बॉलवर ऑफसाइड होत नाही, गोलकिकवर नाही, कॉर्नरवरही नाही, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. दुसरा फ्री किकचा. आम्ही बॉलकडं पाठ करून तुमच्याशी भांडत होतो. ९.१५ मीटर मागं सरणं हे आमचं काम, मारणाऱ्यानं आमच्यासाठी थांबायलाच पाहिजे असं काही नाही. तिसऱ्या वेळी आमच्या लेफ्ट बॅकनं पायानं दिलेला बॉल गोलकीपरनं हातात उचलला. तसा तो उचलता येत नाही, हा नियम १९९२ पासूनचा आहे, म्हणजे आमच्या जन्माच्या आधीचा, आणि आमच्यातल्या कुणालाही तो माहीत नव्हता. चौथ्या गोलच्या वेळी आमच्या राइट बॅकच्या पोटरीत गोळा आला म्हणून तो गोलपोस्टजवळ बसला होता. तो तिथं होता तोवर त्यांचा कुणी ऑफसाइड होणारच नव्हता, आणि आम्ही मात्र तुम्हाला शिव्या देत होतो.

तुम्ही उठताना म्हणालात, "पुढच्या रविवारी असाल का ग्राउंडवर?"

सर, आम्हाला ते बोलण्यापुरतं वाटलं होतं. पण रविवारी सकाळी तुम्ही पूर्णेहून गाडीनं आलात. आठवडाभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं तिकीट काढून दुसऱ्यांच्या पोरांकडं यायचं. नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीची ड्युटी लागली ते दोन रविवार, शाळेच्या परीक्षा आणि घरचं एक लग्न, एवढेच खाडे मला आठवतात.

तुम्ही दर वेळी सांगायचात की मी कोच नाही, मला नियम कळतात तेवढे सांगतो, बाकी डोकं तुमचं. पण त्या नियमांतूनच आमचा खेळ उभा राहिला. ऑफसाइडची रेषा एक ठेवायला आम्हा चार डिफेंडरांना जमत नव्हतं. एक पुढं, एक मागं, असंच व्हायचं. तुम्ही विचारलंत, कुणाच्या घरी बैल आहेत? मी पुढच्या रविवारी गावाकडून दोन कासरे घेऊन आलो. ते जोडून तुम्ही आम्हा चौघांच्या कमरेला बांधलेत, मध्ये सात-आठ पावलांचं अंतर ठेवून. एक जण रेंगाळला की कासरा ताणायचा आणि बाकी तिघांना कळायचं. दोन महिने आम्ही कासऱ्यात खेळलो. बघायला येणारी पोरं हसायची. मग एक दिवस तुम्ही कासरा सोडलात आणि आम्ही तसेच सरकत राहिलो. आज मला डोळे मिटूनही सांगता येतं आमचा लेफ्ट बॅक कुठं आहे ते.

शिट्टीचा दिवस तर मी कधी विसरणार नाही. जानेवारीत तुम्ही आम्हाला दोन संघांत वाटलंत आणि सांगितलंत, दहा-दहा मिनिटं प्रत्येकानं पंच व्हायचं. तुमची शिट्टी तुम्ही आमच्या गळ्यात घातलीत. पहिला नंबर आमच्या फॉरवर्डचा, पंचांवर सगळ्यात जास्त ओरडणारा तोच. चौथ्या मिनिटाला पेनल्टी बॉक्समध्ये एक जण पडला. दोन्हीकडची पोरं त्याच्या अंगावर धावली. हा शिट्टी तोंडात धरून नुसता उभा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, "सर, मला दिसलंच नाही. माझ्यापुढं तिघं जण होते." तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि एवढंच बोललात, "मलाबी कधी कधी दिसत नाही बाबा."

त्या दिवसापासून आमच्या संघातलं कुणी पंचांच्या अंगावर गेलं नाही. आणि मला तर खात्री आहे, आमच्या खेळातला निम्मा फरक तिथंच पडला. ओरडण्यात जाणारा जीव पळण्यात जायला लागला. शिट्टी वाजेपर्यंत पाय थांबेनात.

पावसाचा तो एक रविवारही मनात राहिलाय, ग्राउंडवर पाय ठेवता येत नव्हता तेव्हाचा. आपली काळी माती ओली झाली की बुटाला वीटभर चिकटते आणि वाळली की भेगेत पाय मुरगळतो. व्हरांड्यात बसल्या बसल्या कुणी तरी म्हणालं, फुटबॉल आपल्याकडचा खेळच नाही, तो बंगालचा, गोव्याचा. तुम्ही आम्हाला भारताच्या फुटबॉल संघाचे कोच, हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्याबद्दल सांगितलंत. आपला मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, रहीम साहेबांच्या संघानं मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक केली. त्या ऑलिम्पिकला भारत चौथा आला आणि १९६२ ला जकार्त्यात त्यांनीच एशियाडचं सुवर्ण आणलं. "म्हणजे महिन्याभरापूर्वीपर्यंत ते आपल्याच राज्याचे होते," तुम्ही म्हणालात, "आणि पेशानं शिक्षक होते." हे शेवटचं तुम्ही हळूच म्हणालात, पण मी ऐकलं.

यंदा, २०२५ च्या सप्टेंबरात, पाऊस कसा पडला ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आमच्यातल्या पाच जणांच्या घरचं सोयाबीन पाण्यात गेलं, एकाची तर मातीच खरवडून गेली. स्पर्धा तोंडावर आणि पोरं सरावाला येत नव्हती. मी चिडून तुम्हाला फोन केला. तुम्ही मलाच रागावलात. आधी घर बघू दे त्यांना, ग्राउंड कुठं पळून चाललं नाही, म्हणालात. आणि त्या रविवारी तुम्ही परभणीला न येता थेट त्या माती गेलेल्या पोराच्या गावी गेलात, हे मला त्यानंच नंतर सांगितलं. तुम्ही त्याच्या वडिलांशी काय बोललात ते तो सांगत नाही, पण तिसऱ्या दिवशी तो बूट घेऊन हजर होता.

मॅचेसचं सगळं तुम्हाला माहीत आहे. पहिली १-० जिंकलो, त्यात समोरचे अकरा वेळा ऑफसाइड सापडले. दुसरी पेनल्टीवर काढली. फर्स्ट इयरला आलेल्या नांदेडच्या पोरानं त्या दोन मॅचमध्ये जीव तोडून पळापळ केली, आणि आमच्या क्रीडा संचालकांनी वर्षभर पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं आम्हाला पळवलं नसतं तर आम्ही नव्वद मिनिटं टिकलो नसतो. त्यांचेही आभार इथंच मानतो.

सेमीफायनल मात्र तुमची होती. २०२५ च्या जुलैपासून नियम बदलला, गोलकीपरनं आठ सेकंदांपेक्षा जास्त बॉल हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर. तुम्ही तो जूनमध्येच वहीत लिहून आमच्याकडून पाठ करून घेतला होता. त्यांचा गोलकीपर बॉल छातीशी धरून वेळ काढत होता. पंचांनी हात वर करून शेवटचे पाच सेकंद बोटांवर मोजले, तरी त्याला कळलं नाही. शिट्टी वाजली तेव्हा त्यांचे सगळे जण चक्रावून पंचांकडं धावले. आम्ही आमच्या जागा घेतल्या. त्या कॉर्नरवर आमच्या फॉरवर्डनं, त्याच त्या शिट्टीवाल्यानं, डोक्यानं गोल केला.

आणि त्याच दिवशी स्कोअररच्या टेबलाजवळ मला ते कळलं. मी सहज विचारलं, आमच्या मॅचला सर का नसतात? त्यांनी सांगितलं की तुम्ही स्पर्धेआधीच लेखी दिलं होतं, मी या पोरांना शिकवतो, म्हणून यांच्या मॅचला आणि यांच्याशी ज्यांची गाठ पडू शकते त्यांच्या मॅचला मला नेमू नका. त्यामुळं अख्ख्या स्पर्धेत तुम्हाला फक्त दोन मॅच मिळाल्या. वर्षभर पदरचं तिकीट काढून आलात आणि वर्षातून एकदा मिळणारं मानधनही आमच्यापायी सोडलंत. आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत. सर, मी तिथंच टेबलाजवळ बसून राहिलो होतो.

फायनलला तुम्ही आलात, पण आमच्या बाजूला नाही. पलीकडच्या कुंपणाबाहेर पिशवी खांद्याला लावून उभे होतात. आमचा गोल झाला तेव्हा मी तिकडं पाहिलं, तुम्ही टाळी वाजवली नाहीत. १-१ असताना ७८ व्या मिनिटाला त्यांचा गोल झाला. आमची रेषा सरळ होती, तो फॉरवर्ड दोन पावलं पुढं होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. झेंडा वर गेला नाही. मी एकटा पंचांकडं गेलो, हात मागं बांधून, आणि विचारलं, "सर, ऑफसाइड बघितला का?" ते म्हणाले, "मला ऑनसाइड दिसला." मी "ठीक आहे सर" म्हणून वळलो. मागं बघितलं तर आमचे दहाही जण आपापल्या जागेवर, बॉल मधल्या रेषेवर ठेवलेला. १-२ नं हरलो. उपविजेतेपद. कॉलेजात फुटबॉलची हीच पहिली ढाल.

बक्षीस समारंभ होईपर्यंत तुम्ही गाडीला निघून गेला होता. रात्री तुमचा दोन शब्दांचा मेसेज आला, "रेषा बरोबर होती." तो मी अजून पुसलेला नाही.

सर, एक विचारायचं आहे. तुमची ती दोनशे पानी वही माझ्याकडंच राहिलीय, ज्यात तुम्ही इंग्रजीतले सगळे नियम स्वतःच्या हातानं मराठीत उतरवलेत. कडेला चिखलाचे डाग पडलेत आणि ऑफसाइडचं पान निघायला आलंय, त्याबद्दल माफ करा. जूनमध्ये आम्ही सात जण पास होऊन जाऊ, नवी पोरं येतील. देण्याआधी वहीचे वीस झेरॉक्स काढून घेऊ का? तुम्ही हो म्हणालात तर वही मी टपालानं पाठवणार नाही, येत्या रविवारी स्वतः पूर्णेला घेऊन येतो. गाडी मला माहीत आहे.

आपला,
कॅप्टन