उचल कोणत्या प्रकारात बसते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जागतिक दारिद्र्याचे प्रकार आणि कारणे सांगणारा पानभर लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला. रागाच्या भरात एखादा परिच्छेद नजरेतून निसटला असेल असे वाटले होते, पण तसे काही नव्हते.

लेखक विद्वान आहेत, वाद नाही. निरपेक्ष दारिद्र्य, सापेक्ष, प्रासंगिक, हंगामी, पिढीजात, ग्रामीण, नागरी अशा सगळ्या बरण्या त्यांनी किराणा दुकानातल्यासारख्या चिठ्ठ्या डकवून ओळीने मांडल्या आहेत. खाली कारणे दिली आहेत: निरक्षरता, लोकसंख्या, व्यसने, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याबद्दलचे अज्ञान आणि कर्ज काढून खर्च करण्याची सवय. आमच्या बीड जिल्ह्याच्या वाट्याला एक वाक्य आले आहे, तेही हंगामी या बरणीत. पाऊस लहरी, म्हणून मजूर ऊसतोडीला जातात. संपले.

पाऊस लहरी आहे, हे आम्हाला पुण्याहून कळवण्याची गरज नव्हती. पण पाऊस कोणाला उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देत नाही, साहेब. ती टोळी नेणारा मुकादम देतो. मुकादमाला वाहतूक ठेकेदार देतो आणि त्याच्यामागे कारखाना असतो. पैसे हातात पडतात ते पावसाळ्यात, जेव्हा गावात काम नसते आणि बी-बियाणे, आजारपण, मुलीचे लग्न एकदमच दारात उभे असते. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, गाडीत बसतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. अख्ख्या लेखात उचल हा शब्द एकदाही नाही. मुकादम नाही, खाडा (कामाचा बुडालेला दिवस आणि त्याचा दंड) नाही. कर्ज आहे, पण ते ‘सवय’ या सदरात.

मी निवृत्त शिक्षक आहे. भूगोल शिकवत असलो तरी बेरीज-वजाबाकी येते, म्हणून एक हिशेब लेखकांना देतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीने पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन तोडला असे धरू. दोघांचे मिळून ७३२ रुपये झाले. हल्ली एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते. लाख रुपये फेडायला २७३ टन ऊस लागतो, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. आणि गाळप शंभर दिवसांत आटोपले तर? २०० टन झाले, ७३,२०० रुपये फिटले, जवळपास २७ हजार अंगावर राहिले. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, माणूस घरी येतो तो बाकी घेऊन. पुढच्या वर्षी कुठे जायचे हे त्याच्या हातात राहत नाही. ऊसवाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आठवड्याचा बाजार होतो, तेवढाच रोख पैसा. (मुकादम सगळे राक्षस नाहीत, हेही लिहितो. टोळी पळाली की ठेकेदार त्याची जमीन लिहून घेतो. आमच्या गावात असे झाले आहे.)

आरोग्याच्या अज्ञानाबद्दल तर हात जोडले. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबद्दल बोभाटा झाला, शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यात डॉक्टरांनी घातलेली भीती आहे, बिले आहेत आणि एक दिवस उसाच्या फडात गेले नाही तर कापला जाणारा खाडा आहे. फडावर ना आडोसा ना पाणी. अशा ठिकाणी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या बाईला अज्ञानी म्हणायला पुरवणीचेच पान लागते.

आता मला जे खरे बोचले ते. लेखकाने पिढीजात दारिद्र्याची व्याख्या केली आहे की गरिबीची मानसिकता आईबापांकडून मुलांकडे जाते. मला एक घर माहीत आहे.

२००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणाला आम्हा शिक्षकांना जुंपले होते. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. गुण जितके कमी तितके कुटुंब गरीब. पोरांना गुण वाढवा म्हणून जन्मभर ओरडणाऱ्या माणसाला हे काम! माणशी कपडे किती, हा एक प्रश्न. दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा त्याहून जास्त असतील तर चार. शौचाला कुठे जाता, हा दुसरा. “समदं गाव जातंय तिथंच की गुरुजी,” असे त्या घरच्या बाईने सांगितले आणि आम्ही दोघेही हसलो. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. दिवाळीपर्यंत वर्गात, त्यानंतर बैलगाडीवर.

कर्जाच्या प्रश्नाला ती म्हणाली, मुकादमाचे तीस हजार अंगावर आहेत. रोजच्या गरजेसाठी खासगी माणसाकडून काढलेल्या कर्जाला शून्य गुण होते, ते मी लिहिले. फॉर्म तालुक्याला तपासायला गेला. तिथल्या साहेबांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, ही उचल आहे, मजुरीचा ॲडव्हान्स. याला कर्ज कोण म्हणतो? सावकाराचा कागद आहे का? मी म्हटले, कागद नाही पण वही आहे, मुकादमाकडे. त्यांनी शून्यावर रेघ मारून चार केले. चार म्हणजे कर्ज नाही आणि मालमत्ता आहे. मालमत्ता कोणती, असे मी विचारल्यावर साहेब म्हणाले, दोन बैल आहेत की! बैल उचलीतूनच घेतले होते. पलीकडच्या रकान्यात लग्नात आलेल्या कुकरचाही एक गुण होता. मी बरेच भांडलो. साहेबांनी चहा मागवला.

यादी लागली तेव्हा त्या कुटुंबाचे नाव नव्हते. घरकुल गेले. ज्यांचा ट्रॅक्टर भावाच्या नावावर होता त्यांचे नाव मात्र ठळक होते. हे एका साहेबाच्या लहरीवर झाले असेही नाही. त्या वेळी नियोजन आयोगाच्या अंदाजावरून गरिबांचा आकडा आधी ठरला होता आणि राज्यांनी त्याच्या फार पुढे जायचे नव्हते. यादीची लांबी ठरलेली असली की तपासणाऱ्याची पेन्सिल कोणत्या बाजूला झुकते हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

पुढे त्या मुलाचे वडील वारले. दहावा झाल्यावर मुकादम वही घेऊन आला. आज त्या मुलाचा स्वतःचा कोयता आहे, बायको सोबत असते. बापाकडून त्याला मिळाली ती बाकी. लेखकांना याला मानसिकता म्हणायचे असेल तर म्हणोत.

दारिद्र्यरेषेवरच्या चौकटीबद्दल थोडक्यात. जागतिक बँकेने २०२५ मध्ये रेषा माणशी दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, हे चौकटीत बरोबर आहे. आपल्याकडे २०११-१२ या एकाच वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २१.९ टक्के लोक गरीब निघाले आणि रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के, तेही चौकटीत हवे होते. पण माझी तक्रार वेगळी आहे. या रेषा खर्चावर मोजतात. श्रावणात उचल घेऊन पोरीचे लग्न केले की त्या घराचा खर्च वाढलेला दिसतो. खर्च कशाच्या जोरावर झाला, हे रेषा विचारत नाही.

आणि हैती! नैसर्गिक आपत्ती या कारणाखाली लेखकांनी हैतीचे उदाहरण दिले आहे. भूकंप झाला, वादळे येतात, राजकीय अस्थिरता आहे, म्हणून देश गरीब. २०१० चा भूकंप भयंकर होता, हे कोण नाकारतो? पण नकाशावर बोट ठेवून शिकवलेल्या माणसाला हे वाचवत नाही. अठराव्या शतकात हीच जमीन फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत होती आणि जगाला साखर पुरवत होती. ऊस तोडायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १७९१ मध्ये त्यांनी बंड केले आणि १८०४ मध्ये स्वतंत्र झाले. १८२५ साली फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाबद्दल? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेबद्दल, आणि त्या मालमत्तेत स्वतः ते गुलामही मोजलेले होते. म्हणजे सुटलेल्या माणसांनी आपली किंमत आपल्या जुन्या मालकाला भरायची. पहिल्या हप्त्याइतकाही पैसा नव्हता, म्हणून फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढले. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली. त्यापायी काढलेली कर्जे फिटायला १९४७ साल उजाडले. आणि विसाव्या शतकात हैतीचे मजूर शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये काय करायला जात होते? ऊस तोडायला. मळ्यावरच्या झोपड्यांत राहायचे, टनावर मजुरी. आमच्या कोप्यांचा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांचा, फोटो त्यांना दाखवला तर फार काही समजावून सांगावे लागणार नाही.

लोकसंख्येच्या मुद्द्याला एक ओळ पुरे. नेदरलँड्समध्ये काँगोपेक्षा कितीतरी दाट वस्ती आहे आणि जगातल्या कोबाल्टचा निम्म्याहून अधिक भाग काँगोच्या खाणींतून निघतो. दोन्हींपैकी गरीब कोण, ते वाचक ओळखतील.

लेखासोबतच्या फोटोबद्दलही लिहायचे होते. बरगड्या दिसणारे एक मूल, देश नाही, साल नाही, खाली ‘छायाचित्र : संग्रहित’. कोणाचे तरी पोर आहे ते. आणि त्याच अंकाच्या जिल्हा पानावर एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची अर्धे पान जाहिरात आहे, फेटा बांधलेला फोटो, खाली नाव, गाव, पद, सगळे बिनचूक. त्यांना गोरगरिबांचे कैवारी म्हटले आहे. जाहिरात विभाग वेगळा असतो हे मला माहीत आहे. पान तेच असते.

पुढच्या रविवारी याच लेखकांचा दारिद्र्य निर्मूलनाच्या उपायांवर लेख येणार असे तळाशी छापले आहे. त्यात कौशल्य प्रशिक्षण आणि व्यसनमुक्ती असणार, हे मी आजच लिहून ठेवतो. त्याऐवजी उचलीची नोंद, जोडीतल्या बाईच्या नावाने वेगळी मजुरी आणि खाड्याचा दंड बंद, एवढ्या तीन गोष्टींवर त्यांचे मत छापले तर ऊस खाणारे आणि तोडणारे दोघेही वाचतील.

माझे मागचे पत्र तुम्ही चार ओळींवर आणले होते आणि बंद झालेली बस किती वाजताची हेच नेमके गाळले होते. त्यामुळे आगारातून मलाच विचारणा झाली. हे पत्र कापणे भाग असेल तर रेषेचा परिच्छेद कापा, फोटोचाही कापा. शंभर दिवसांचा हिशेब आणि हैती मात्र पूर्ण छापावे, आकडे बदलू नयेत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, जि. बीड