चौतीस नंबरची जर्सी

मिलवॉकी,
१८ मे २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा फोन मीच आधी ठेवला. चुकलंच माझं. पण बाबा, तुम्ही यानिसबद्दल "आता त्यानं तिथनं निघावं" म्हणालात आणि मला पुढं काय बोलावं तेच सुचेना. कोल्हापूरच्या पेठेतल्या माणसाच्या तोंडून हे ऐकायचं! फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून सरळ लिहायला बसलो. आई, हे तू मोठ्यानं वाचून दाखव. त्यांच्या हातात दिलंस तर ते निम्मं वाचून टीव्हीवर ठेवून देतील.

यानिसनं आपली बक्सची बास्केटबॉल टीम सोडून जावं की राहावं, हा विषय इथं सध्या ऑफिसात, न्हाव्याकडं, पेट्रोल पंपावर, सगळीकडं चाललाय. २९ एप्रिलची ती मॅच तुम्ही पहाटे उठून बघितलीत, त्यामुळं सगळी परत सांगत नाही. पण ओव्हरटाइमचा शेवटचा मिनिटसुद्धा पूर्ण उरला नव्हता आणि आपण सात गुणांनी पुढं होतो. मी सोफ्यावरून उठून चहा टाकायला गेलो होतो, एवढी खात्री! आधण यायच्या आत सगळं गेलं. साधा पास आला, आपल्याच माणसाच्या हातातून निसटून बाहेर. मग दीड सेकंदही उरला नसताना इंडियानाचा हॅलिबर्टन यानिसच्याच बाजूनं घुसला आणि बास्केट करून गेला. ११९–११८. यानिसचे ३० गुण, २० रिबाउंड, १३ असिस्ट, आणि वर हार. सलग तिसऱ्या वर्षी प्लेऑफच्या, म्हणजे सीझनशेवटच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत घरी.

त्यानंतर हॅलिबर्टनचे वडील पोराचा फोटो छापलेला टॉवेल घेऊन मैदानात आले आणि यानिसच्या तोंडासमोर नाचवायला लागले. नंतर त्यांनी माफी मागितली म्हणा. तुम्ही त्या माणसाला फोनवर लाखोली वाहिलीत, तेव्हा मी गप्प बसलो. पण माझ्या सातवीतल्या खो-खोच्या मॅचला पंचाची शिट्टी कुणी हिसकावली होती, ते आईला विचारा.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणता टीममध्ये काही दम राहिला नाही. हे खरंच आहे, आणि ते का ते तुम्हाला उसाच्या भाषेत सांगतो. इथं नव्या पोरांना टीममध्ये घ्यायचा दरवर्षीचा जो ड्राफ्ट असतो, त्यातल्या निवडीच्या हक्काला 'पिक' म्हणतात. हे आपलं पीकच समजा. टीम हरली, तळाला गेली, तरी त्या हक्कातून चांगलं पोरगं मिळतं आणि चार वर्षांनी शेत परत उभं राहतं. आपल्या लोकांनी २०२० मध्ये जरू हॉलिडे या खेळाडूला आणायला आणि २०२३ मध्ये डेमियन लिलार्डला आणायला पुढच्या कितीतरी वर्षांची पिकं आधीच विकून टाकली. लावणीच्या आधी उचल घेऊन बसलेल्या माणसासारखी गत. पहिल्या वेळी ती उचल फळाला आली, २०२१ चं अजिंक्यपद मिळालं. दुसऱ्या वेळी लिलार्डच्या पिंढरीत रक्ताची गुठळी झाली, त्यातून तो प्लेऑफला कसाबसा उभा राहिला आणि चौथ्या मॅचमध्ये टाचेवरची शीर तुटली. वय ३४. पुढचा बहुतेक सीझन गेला. पगार मात्र दर वर्षी पाच कोटी डॉलरच्या वर चालूच राहणार.

म्हणजे पैसा अडकलेला, पीक विकलेलं, आणि तिसाव्या वर्षी जगातला पहिल्या तिघांतला खेळाडू दावणीला. करार २०२७ पर्यंतचा पक्का आहे, तो मनात आलं म्हणून उठून जाऊ शकत नाही. त्यानं मागणी करायची, मग टीमनं त्याला दुसरीकडं द्यायचं आणि बदल्यात पोरं नि पिकं घ्यायची. इथले काही शहाणे तर म्हणतात, आत्ताच द्या, भाव आहे तोवर. बैलबाजाराची भाषा आहे नुसती.

आई, तुझा जीव या सगळ्यात त्याच्या आईवर आहे हे मला माहीत आहे. तुला आवडणारी ती गोष्ट मी परवा इथं एका नव्या आलेल्या मराठी पोराला सांगितली. नायजेरियातून अथेन्सला आलेले आई-बाप रस्त्यावर गॉगल, घड्याळं विकायचे, दोघा भावांत बुटांचा एकच जोड, आणि तिथंच जन्मूनही १८ वर्षांचा होईस्तोवर त्याला कुठल्याच देशाचा कागद नाही. २०१३ च्या थंडीत इथं आल्यावर एका मॅचच्या दिवशी त्यानं खिशातले सगळे पैसे घरी पाठवून टाकले. मग टॅक्सीला काहीच उरलं नाही, तेव्हा पातळ जाकिटात स्टेडियमकडं पळत सुटला. वाटेत एका जोडप्यानं ओळखून गाडीत घेतलं. मीही त्याच वर्षी इथं उतरलो होतो. माझे पहिले पैसे तुमच्या खात्यावर यायला मात्र दोन वर्षं लागली, आणि ते पाठवल्यावर पळत वगैरे कुठं गेलो नाही. पिझ्झा मागवला होता.

त्या वर्षी टीम १५ मॅच जिंकली आणि ६७ हरली. आम्हा विद्यार्थ्यांना तिकिटं जवळजवळ फुकटात मिळायची. अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये हा काटकुळा पोरगा हात-पाय टाकत धावायचा आणि मी वर बसून, आतून तापलेल्या जागेत दोन तास मिळाले म्हणून खूश. बास्केटबॉल मला तेव्हा ओ का ठो कळत नव्हतं.

बाबा, खरं सांगायचं तर मला तो इथं राहायला हवाय, आणि त्यात खेळाचं काही नाही. तो आहे तोवर हे शहर थोडं माझं वाटतं. एरवी या तळ्याकाठच्या वाऱ्याचा आणि माझा काय संबंध?

पण तुमचं कोडं मला सुटत नाही. आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा तो डाव्या पायाचा फॉरवर्ड समोरच्या तालमीत गेला, तेव्हा शाहू स्टेडियमच्या बाहेर तो नमस्कार करायला आला नि तुम्ही तोंड फिरवून उभे राहिलात. मी तुमचं बोट धरून होतो, नीट आठवतंय. घरी येऊन आई म्हणाली, पोटासाठी गेला असेल, तर तुम्ही जेवलाच नाहीत. तोच माणूस आज म्हणतो, "जाऊ दे की त्याला. पेठ काय खायला घालत्या?" हे कधी बदललं? की तुम्ही हे यानिसबद्दल बोलतच नव्हता? मला महालक्ष्मी एक्स्प्रेसला सोडायला आलात तेव्हा गाडी सुटेपर्यंत हमालाशी दहा रुपयांवरून भांडत होतात. जा म्हणाला नाहीत, नको म्हणाला नाहीत.

बरं, तो गेला तर मिलवॉकीला ते नवीन नाही. करीम अब्दुल-जब्बारनं १९७१ मध्ये इथं अजिंक्यपद आणलं. १९७४ ला अंतिम फेरीची सातवी मॅच इथंच, घरच्या मैदानावर हरले, आणि पुढच्या सीझनला त्यानं सांगितलं की मला या गावात करमत नाही, जाऊ द्या. न्यूयॉर्कचा माणूस, नवा धर्म स्वीकारलेला, इथं त्याचं असं काही नव्हतं. १९७५ च्या जूनमध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. १९७१ नंतरचं पुढचं अजिंक्यपद यायला ५० वर्षं उलटली. तरी त्याची ३३ नंबरची जर्सी आजही स्टेडियमच्या छताला टांगलेली आहे. माझ्याशेजारी बसणारे एक म्हातारे गृहस्थ दर मॅचला तिच्याकडं एकदा बघतात, मग पॉपकॉर्न उघडतात. त्यांना मी विचारलं, राग आला होता का? म्हणाले, फार. मग म्हणाले, पण सहा वर्षं बघायला मिळाला ना.

२०२१ च्या अजिंक्यपदाची ती रात्र आठवते? स्टेडियमबाहेरच्या चौकात हजारो लोक आणि त्यात मी. यानिसनं ५० गुण केले, ज्या फ्री थ्रोवरून (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा नेम) सगळे त्याला चिडवायचे, त्यातले १९ पैकी १७ घातले. दोन दिवसांनी मिरवणूक निघाली तेव्हा तिकडं पंचगंगेचं पाणी चढत होतं. मी एका कानात बोट घालून फोनवर ओरडत होतो, वरच्या मजल्यावर जा, आणि आजूबाजूचे लोक मला वेड्यासारखे मिठ्या मारत होते. दुसरीकडं जाऊन जिंकणं सोपं होतं, आम्ही अवघड वाटेनं केलं, असं तो स्वतःच नंतर म्हणाला होता. त्यानंतर दोन वर्षांनी मायामीकडून हरले (त्या दिवशी २३ पैकी १० च फ्री थ्रो आत गेले, तुम्ही दिवसभर माझा फोन घेतला नव्हता). पत्रकारानं विचारलं, हा सीझन फुकट गेला का? त्यानं उलट विचारलं, तुम्हाला नोकरीत दरवर्षी बढती मिळते का? बाबा, तुम्ही तेव्हा टाळी वाजवली होतीत. एकाच खुर्चीवर एकोणीस वर्षं काढलेला माणूस.

आता राहिली तुमची फर्माईश. यानिसची चौतीस नंबरची हिरवी जर्सी. काल दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरीला म्हटलं, आत्ता घेऊ की उन्हाळाभर थांबू? ती हसली, म्हणाली, या आठवड्यात हे विचारणारे तुम्ही कितवे ते मोजणंच सोडलंय.

घेतली आहे. एक्सएल घेतली, आई म्हणाली पोट वाढलंय. ऑक्टोबरमध्ये तुम्ही याल तेव्हा द्यायची की आधी कुणाबरोबर पाठवू, ते कळवा. धुवायची असेल तर उलटी करून, गार पाण्यात. आई, गरम पाण्यात टाकू नकोस, आकडे निघतात.

तुमचा,
पिंट्या