पिक्चर बघून रडलात ना, मग पिल्लू विकत आणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे जमले की आमच्याकडे रात्री पिक्चर लागतोच, यंदा मुलांनी '७७७ चार्ली' लावला. २०२२ चा कन्नड पिक्चर आहे, हिंदीत डब केलेला. मैसूरचा धर्मा, लहानपणीच अपघातात घरचे सगळे गेलेले, कारखाना आणि घर, इडली, सिगरेट, बिअर एवढंच आयुष्य, कुणाशी धड बोलत नाही, आणि मग चार्ली नावाची एक लॅब्रेडोर कुत्री त्याच्या आयुष्यात घुसते आणि त्याला परत माणसांत आणून सोडते. शेवटी तो तिला साइडकारमध्ये बसवून बर्फ दाखवायला हिमालयात नेतो तेव्हा आमच्या हॉलमध्ये लहानथोर सगळे डोळे पुसत होते. फार सुंदर पिक्चर आहे, सगळ्यांनी घरच्यांसोबत जरूर बघा.

पण मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं. पिक्चर संपला नाही तोच मुलं म्हणाली आम्हाला पण लॅब पाहिजे, आणि मोठ्यांनी लगेच मोबाईलवर भाव बघायला सुरुवात केली. अहो, चार्ली पळून आलेली असते कुठून? ब्रीडरच्या, म्हणजे विकण्यासाठी पिल्लं पैदा करणाऱ्याच्या, पिंजऱ्यातूनच ना! तिला कॅन्सर होतो तो पण इनब्रीडिंगमुळे, म्हणजे जवळच्या नात्यातल्याच कुत्र्यांपासून पिल्लं काढल्यामुळे, हे पिक्चरमध्ये स्पष्ट सांगितलंय. ते बघून रडायचं आणि दुसऱ्या दिवशी तसल्याच कुणाकडून तरी पिल्लू आणायचं, हे मला खरंच बघवत नाही. १९९६ मध्ये '१०१ डालमेशियन्स' आला तेव्हा अमेरिकेत असंच झालं, लोकांनी हौसेनं ती ठिपक्यांची डालमेशियन कुत्री आणली आणि झेपेनात म्हणून त्यातली कितीतरी शेल्टरमध्ये नेऊन सोडली. आपल्याकडे मोबाईलच्या जाहिरातीतला पग आठवा, बिचाऱ्याला आपल्या उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही. २०१७ पासून नियम आहे की ब्रीडरकडे रजिस्ट्रेशन पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. घेणारे किती जण हे विचारतात?

आमच्या घरातलंच सांगते. सासूबाई गेल्यावर बाबा, म्हणजे माझे सासरे, खोलीतच बसून असायचे, विचारलं तर हो नाही एवढंच. त्या सुमारास सोसायटीच्या गेटवरची भुरी, साधी गावठी कुत्री, गाडीखाली येऊन पाय मोडून पडली. प्लास्टर निघेपर्यंत ठेवू म्हणून घरी आणली, आम्ही नोकरीवाले त्यामुळे गोळ्या देणं बाबांवर आलं, ती गोळी थुंकायची आणि बाबा तिच्याशी तासन्‌तास बोलत बसायचे. प्लास्टर निघालं पण ती काही परत गेली नाही. आता दोघं रोज सकाळी महात्मा टेकडीवर जातात, तिथे बाबांचा ग्रुप झालाय. नातवाला ते नामदेवांची गोष्ट सांगतात, कुत्रं भाकरी घेऊन पळालं तर कोरडी खाऊ नकोस म्हणत तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्या मागे धावले ती. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्या शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळीक वाटायला लावणारं हार्मोन, वाढतं असं जपानी संशोधकांनी २०१५ ला दाखवलंय, मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, मला काय ते वाढतंय ते माहीत नाही, पण हिच्यामुळे झोप लागते.

म्हणून विनंती की सुट्टीत कुत्र्यांचे पिक्चर बघून मुलं मागे लागली तर आधी फॉस्टर करून बघा. पुण्यात रेस्क्यू करणारी भरपूर मंडळी आहेत, त्यांना काही आठवडे सांभाळणारी घरं कायम हवी असतात, फटाक्यांच्या दिवसांत तर जास्तच. जमलं तर कायमचं ठेवा, नसबंदी, रेबीजचं इंजेक्शन आणि महापालिकेचं लायसन्स तेवढं करून घ्या. नाही जमलं तरी त्या जिवाचे तेवढे दिवस सुखात जातील.

आणि संपादक साहेब, रविवारच्या पुरवणीत तुम्ही अशा पिक्चरचं परीक्षण छापता तेव्हा शेजारी पुण्यातल्या अडॉप्शन कॅम्पची तारीख आणि जागा पण छापाल का? छोटी चौकट चालेल, दर महिन्याला आली तरी पुष्कळ.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे