उशिरा येणाऱ्यांसाठी जागा

नगर, रविवार संध्याकाळ

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, हॉस्पिटलात नाईट ड्यूटी लागली की माझं सगळं कोलमडतं. पहाटेची प्रार्थना नाही, वचन नाही, काहीच नाही." तेव्हापासून ते मनात घोळतंय. मीही तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून हे फोनवर न बोलता सावकाश लिहिते आहे.

तुझ्या वयाची असताना मी एका शिबिरातून भारावून आले आणि वहीत चौदा नियम लिहिले. पहाटे चारला उठायचं, रोज तीन अध्याय वाचायचे, आठवड्यात दोन उपवास, असं बरंच काही. नवव्या दिवशी इव्हनिंगला जोडून नाईट करावी लागली आणि सगळं मोडलं. नियम मोडले याचं आज काही वाटत नाही. पण त्यानंतर चार महिने मी लाजेपायी गुडघेच टेकले नाहीत, त्याचं वाईट वाटतं. देवाला कुठल्या तोंडाने हाक मारू, असं व्हायचं.

तेव्हा आपल्या पाळकांनी मला संत बेनेडिक्टबद्दल सांगितलं. सहाव्या शतकात इटलीत त्यांनी मठातल्या बंधूंसाठी जीवननियम लिहिला. त्याची ७३ प्रकरणं आहेत, बरीचशी अगदी छोटी. प्रार्थना, वाचन, अंगमेहनत, जेवण, झोप, सगळ्याची वेळ ठरलेली. पण ४३ वं प्रकरण उशिरा येणाऱ्यांबद्दल आहे. रात्रीच्या उपासनेत सुरुवातीला जे स्तोत्र असतं (आपल्या शास्त्रातलं ९५ वं), ते मुद्दाम लांबवून, सावकाश म्हणायचं, म्हणजे झोपेतून उठून धावत येणारा तोवर पोचेल. तरीही उशीर झालाच, तर त्याने शेवटच्या जागी, सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं. पण आत. बाहेर राहिला तर तो परत जाऊन झोपेल, नाहीतर गप्पा मारत बसेल. एवढ्या कडक शिस्तीच्या माणसाने झोपाळू भावासाठी अख्खं स्तोत्र लांबवलं, हे ऐकून मला रडू आलं होतं.

मग मी चौदातले अकरा नियम खोडले.

उरलेल्यांतला पहिला हात धुण्याचा. ड्यूटीवर हात तर दिवसातून पन्नास वेळा धुवावे लागतात. प्रत्येक वेळी साबण लावताना पुढच्या पेशंटचं नाव घ्यायचं, "प्रभू, याला सांभाळ" एवढंच म्हणायचं आणि मग नळ सोडायचा. पहिले काही दिवस विसरायला होतं. पुढे पाण्याचा आवाज आला की नाव आपसूक ओठांवर येतं. निवृत्त झाले तरी स्वयंपाकघरातल्या नळाशी अजून कुणाकुणाची नावं येतात.

दुसरा, उठल्यापासून झोपेपर्यंत एक स्तोत्र. घड्याळ बघायचं नाही. नाईटवरून येऊन सकाळी नऊला वाचलंस, तर तीच तुझी संध्याकाळ. दीडशे स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन वाचून भरपाई करू नकोस, जिथे थांबलीस तिथून पुढे चाल. भरपाई करायला लागलं की ते कर्जासारखं डोक्यावर बसतं.

तिसरा रविवारचा. ड्यूटीमुळे उपासना चुकली, तर सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस प्रभूसाठी राखायचा. त्या वेळात कपडे धुणं नाही की बाजार नाही.

पुण्याहून घरी येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन या निराधार बायकांच्या आश्रमाचा एवढा मोठा व्याप सांभाळत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या पवित्र शास्त्राचा मराठी अनुवाद केला आणि १९२२ साली देह ठेवण्याआधी तो पुरा केला. छपाईची कामंसुद्धा आश्रमातल्या बायकांनीच केली. गाडी तिथे आली की मी नेहमी खिडकीबाहेर बघते.

माझे तीन नियम तू जसेच्या तसे उचलू नकोस. तू म्हणालीस, नाईटवरून आल्यावर दुपारपर्यंत फोन हातातून सुटत नाही. मला वाटतं, तुझा पहिला नियम तिथेच हवा. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून झोपायचं, इतका साधा असला तरी चालेल. जे ठरवशील ते लिही आणि कुणाला तरी दाखव. मला दाखव असं म्हणत नाही. आईला सगळं सांगता येत नाही, हे मी जाणते. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला दाखव, ती रोज समोर असते.

सोबत कोरी वही पाठवते आहे. गुरुवारी नाईट संपते ना? पोटभर झोप काढ, मग फोन कर. कितव्या स्तोत्रावर आहेस ते सांग, मीही त्या दिवशी तेच वाचीन.

तुझी,
आई