मित्रास पत्र: बंद होणारे सॉफ्टवेअर आणि आपल्या फायली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे तू ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढतोस, ते बंद होणार असल्याची सूचना आल्याचे कळले. वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. ‘फायली माझ्याच संगणकावर आहेत, मग धास्ती कसली?’ असे तू विचारले आहेस. सगळी गोम या प्रश्नातच असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

फाइल जवळ असणे वेगळे आणि ती उघडता येणे वेगळे. सदस्यत्वावर चालणारे सॉफ्टवेअर तुझ्या संगणकावर बसवलेले असले, तरी ठरावीक काळाने ते कंपनीच्या सर्व्हरकडे तुझे सदस्यत्व चालू असल्याची खातरजमा करून घेते. तो सर्व्हरच बंद झाला, की पैसे भरायची तयारी असूनही उपयोग नसतो, कारण ते घेणारे आणि ‘होय, हा आमचा सदस्य आहे’ असे सांगणारे पलीकडे कोणी उरलेले नसते. जुना संगणक आहे तसा जपून ठेवण्याचा तुझा विचार म्हणूनच मला फारसा भरवशाचा वाटत नाही.

पुस्तकांची पाने लावण्यासाठी मी वापरत असलेली एक सेवा अशीच बंद झाली, हे मी तुला मागे ओझरते सांगितले होते. मुदत उलटल्यावर प्रोग्राम सुरू व्हायचा, लॉग-इनची चौकट यायची, गोल चक्र बराच वेळ फिरत राहायचे आणि शेवटी सदस्यत्वाची पडताळणी होऊ शकली नाही, असा संदेश झळकायचा. फोल्डरमध्ये मात्र सगळे जागच्या जागी होते. फायलींची नावे तीच, आकार तेच. इतकेच काय, प्रत्येक फायलीच्या जागी मुखपृष्ठाचे चिमुकले चित्रही दिसत होते, कारण ते साध्या चित्राच्या रूपात फायलीत वेगळे साठवलेले असते. त्यातली एक फाइल मी नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. पहिल्या ओळीत प्रोग्रामचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक होता, आणि त्याखाली अर्थहीन चिन्हांचा नुसता खच. मजकूर त्यातच कुठेतरी होता, पण तो वाचण्याची रीत फक्त त्या प्रोग्रामला ठाऊक होती. (ग्राहक सेवेकडून शेवटी आलेल्या पत्रात माझ्या सहकार्याबद्दल आभार मानले होते!)

हे लहान कंपन्यांच्याच बाबतीत घडते, असे समजू नकोस. मायक्रोसॉफ्टने पब्लिशर हा पाने लावण्याचा प्रोग्राम ऑक्टोबर 2026 मध्ये बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा मायक्रोसॉफ्ट 365 च्या सदस्यांना त्यानंतर पब्लिशरमध्ये आपल्या फायली उघडता येणार नाहीत, हेही कंपनीने स्पष्ट सांगितले आणि त्या फायली वेळीच पीडीएफ किंवा वर्डमध्ये रूपांतरित करून घेण्याचा सल्ला दिला. एकदाच पैसे मोजून घेतलेली प्रत मात्र, कंपनीचा आधार संपला तरी, चालू राहू शकते. एका प्रोग्रामच्या या दोन ग्राहकांमधला फरक मला फार बोलका वाटतो. कंपनीच्या मनात असेल तर वाट काढता येते, याचेही उदाहरण आहे. अडोबीने सीएस 2 या फोटोशॉप वगैरे प्रोग्रामांच्या जुन्या संचाचे पडताळणी सर्व्हर बंद केले, तेव्हा 2013 च्या सुमारास जुन्या ग्राहकांसाठी पडताळणीची गरज नसलेली आवृत्ती उपलब्ध करून दिली होती. सेवा तोट्यात असेल तर ती खुशाल बंद करावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नवे काम करता आले नाही तरी जुने काम उघडून पाहता येईल, एवढी शेवटची आवृत्ती देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता तुझ्या फायलींकडे वळू. ‘सगळे एक्सपोर्ट करून (म्हणजे दुसऱ्या स्वरूपात बाहेर काढून) घेतले की झाले’ असे तू लिहिले आहेस, आणि मला खरी काळजी वाटते ती त्याचीच. एक्सपोर्टमध्ये वस्तूचा आकार बाहेर येतो, पण ती घडवताना केलेला विचार बाहेर येत नाही. समज, एका पट्टीला तू 8 मिलिमीटर व्यासाचे भोक पाडले आहेस आणि ते कडेपासून नेहमी ठरावीक अंतरावर राहील, असे बंधन घातले आहेस. मूळ फाइलमध्ये 8 चे 10 केले, की भोक आपोआप मोठे होते आणि अंतर कायम राहते. तीच वस्तू स्टेप या, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येणाऱ्या त्रिमितीय स्वरूपात बाहेर काढलीस, तर भोक दिसेल, त्याचे मापही अचूक असेल. पण ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बंधनांनी तयार झाले, याचा इतिहास त्या फाइलमध्ये सहसा येत नाही. तरीही स्टेप घेच, कारण ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 10303 क्रमांकाच्या खुल्या मानकावर आधारलेले आहे आणि कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. सपाट आराखड्यांसाठी डीएक्सएफ हे स्वरूप चालेल. शिवाय मापे लिहिलेल्या प्रत्येक आराखड्याची पीडीएफ काढ, आणि जमल्यास ती दीर्घकाळ जतनासाठी असलेल्या पीडीएफ/ए स्वरूपात काढ, म्हणजे फॉन्टही फाइलमध्येच राहतील. ज्या भागांमध्ये पुढेही बदल होत राहणार आहेत, त्यांची बंधने आणि मुख्य मापे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हाताने लिहून ठेव. हे काम किचकट आहे, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो भाग पुन्हा उभा करताना तुला खरा आधार त्याचाच होईल.

ग्राहकांशी झालेली शेऱ्यांची देवाणघेवाणही विसरू नकोस. कोणता बदल कोणी सुचवला आणि कोणत्या तारखेला कोणी मान्य केला, या नोंदी बहुधा कंपनीच्या सर्व्हरवरच असतात आणि एक्सपोर्टमध्ये येत नाहीत. उद्या एखादा भाग चुकीच्या मापाचा निघाला, तर वाद त्या नोंदींवरूनच होईल. त्यांची पानेच्या पाने पीडीएफ करून घ्यावी लागली तरी कंटाळा करू नकोस. तुझ्या फोल्डरमध्ये दिसणाऱ्या काही ‘फायली’ प्रत्यक्षात नुसते दुवे आहेत का, हेही तपास. गूगल डॉक्सची संगणकावर दिसणारी फाइल अशीच असते, तिच्यात मजकूर नसतो, फक्त पत्ता असतो. अशा फायलींची पेन ड्राइव्हवर प्रत काढली, तरी हाती काहीच लागत नाही.

सुरुवात जुन्या कामांपासून करू नकोस. ज्यांचे सुटे भाग ग्राहक आजही मागवतात, तीच कामे आधी घे, कारण मुदत जवळ आली की सगळे सदस्य एकदम धावतात आणि सर्व्हर मंदावतो. सर्वांत गुंतागुंतीच्या दोन जोडण्यांच्या (सुटे भाग एकत्र बसवलेल्या आराखड्यांच्या) स्टेप फायली आणि त्यांच्या पीडीएफ मला आधी पाठव. माझ्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, ही इथे सोयीचीच गोष्ट आहे. मी त्या फ्रीकॅड या आराखड्यांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून काही मापे पीडीएफशी ताडून पाहतो आणि काय जुळते, काय नाही ते कळवतो. तोवर खाते बंद करू नकोस आणि मूळ फायलीही पुसून टाकू नकोस.

तुझा मित्र