औजारांची मांडणी नागपूरच्या हवेप्रमाणे हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, जवळ आला की कूलर, गच्चीची गळती, नाल्यांची सफाई यांवर वर्तमानपत्रांत भरपूर लिहून येते. घरच्या औजारांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. अलीकडे बऱ्याच घरांत जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरच्या खोलीत छोटे वर्कशॉप असते. व्हिडिओ पाहून लोक तिथे छिद्रांचा हार्डबोर्ड लावतात, औजारे छान टांगतात आणि दिवाळीपर्यंत अर्धी गंजलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारची आर्द्रता 20-25 टक्क्यांपर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये तीच 80 च्या वर असते. त्यामुळे कोणते औजार कुठे ठेवायचे, हे आधी हवा पाहून ठरवावे. शोभेचा विचार त्यानंतर.

आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागते. नागपुरात गंजाची सुरुवात पावसाने नव्हे, कूलरने होते. कूलर चालू असलेल्या बंद खोलीत भर उन्हाळ्यातही आर्द्रता 60 च्या पुढे सहज जाते. म्हणून बोर्ड कूलरच्या झोतात नको. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंतही नको, तिला ओल येते. दोन खोल्यांमधली भिंत उत्तम. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवू नये, प्लास्टरमागची वायरिंग बहुधा त्याच रेषेत असते.

3 मिमीचा हार्डबोर्ड दमट हवेत फुगतो, त्याची छिद्रे सैल होतात आणि हुक गळून पडतात. त्याऐवजी लकडगंजच्या लाकूड बाजारातून 12 मिमीचे प्लायवूड कापून आणावे. एमआर (थोडी ओल सोसणारे) नव्हे, बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारे) ग्रेडचे मागावे. एमआरचा डिंक ओलीत फार टिकत नाही. 4 बाय अडीच फुटांचा तुकडा एका घराला पुरतो. तो थेट भिंतीला कधीही ठोकू नये. आधी 25 मिमी जाडीच्या तीन उभ्या लाकडी पट्ट्या भिंतीवर बसवाव्यात आणि त्यांवर 30 मिमीच्या स्क्रूने प्लाय लावावे. मागे हवा खेळली की भिंतीची ओल बोर्डात शिरत नाही. पट्ट्यांसाठी 8 मिमीचे रावल प्लग (स्क्रू पकडण्यासाठी भिंतीच्या भोकात बसवायच्या नळ्या) आणि 75 मिमीचे स्क्रू लागतात. हिशेब सोपा आहे: 25 मिमी पट्टी, साधारण 15 मिमी प्लास्टर, उरलेले 35 मिमी विटेत. इथेच बहुतेक लोक फसतात. 50 मिमीचा स्क्रू वापरला तर विटेत जेमतेम 10 मिमी जातो, प्लग प्लास्टरमध्येच फिरत राहतो आणि एक दिवस सगळा बोर्ड खाली येतो. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय प्लग बसवू नये.

मांडणी आकाराप्रमाणे करू नका, कामाप्रमाणे करा. पटाशी, रंधा, गुण्या आणि करवत एकत्र. पक्कड, टेस्टर आणि वायर सोलायचे औजार एकत्र. रोजची औजारे छाती ते डोळ्यांच्या उंचीत हवीत. घण आणि मोठा पाइप पाना खालच्या फळीवरच ठेवावा, तो वरून पडला तर पायाचे हाड मोडते. दुहेरी पान्यांचा 8 नगांचा संच (6-7 पासून 20-22 पर्यंत) क्रमाने टांगावा आणि प्रत्येकामागे पेन्सिलीने बाह्यरेषा काढावी, म्हणजे 12-13 शेजाऱ्याकडे राहिला हे लगेच दिसते. खिळे किंचित वर तिरके ठोकावेत, सरळ खिळ्यावरून पाना घसरतो. पटाशीच्या धारेवर जुन्या बागेच्या पाइपचा तुकडा चढवावा. चुंबकाची पट्टी सोयीची वाटते, पण तिच्यामुळे पटाशीतही चुंबकत्व येते आणि धारेला लोखंडाचा कीस चिकटतो. स्क्रू काचेच्या बरण्यांत भरून झाकणे फळीच्या खालून लावली तर जागा वाचते. प्रत्येक झाकणाला दोन स्क्रू लावा. एकाच स्क्रूवर बरणी उघडताना झाकणही गरगर फिरते.

औजारांखाली फोम, गोणपाट किंवा वर्तमानपत्र अंथरू नये, हे सगळे ओल धरून ठेवतात. वापर झाला की हाताचा घाम पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खाण्याचे तेल लावू नये, ते काही महिन्यांत चिकट होते. करवतीच्या पात्यावर आणि रंध्याच्या तळावर तेलाऐवजी मेणबत्ती घासावी, म्हणजे लाकडाला डाग पडत नाहीत. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फक्त घट्ट झाकणाच्या डब्यात उपयोगी. उघड्या बोर्डाजवळ पुड्या लटकवण्यात अर्थ नाही.

टिनाच्या छपराखालच्या खोलीत कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी ठेवू नये. बहुतेक उत्पादक 40 ते 50 अंशांच्या वर ती साठवू नका असे सांगतात, आणि मे महिन्यात टिनाखाली ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. बॅटरी घरात, सावलीत आणि अर्धी चार्ज करून ठेवावी.

हातोडी आणि कुऱ्हाडीचे दांडे कोरड्या उन्हाळ्यात आकसतात, डोके सैल होते. दांडा पाण्यात भिजवणे हा तात्पुरता इलाज आहे. लाकूड फुगताना डोक्याच्या आत दाबले जाते आणि सुकल्यावर पहिल्यापेक्षा सैल होते. पाचर मे महिन्यातच ठोकावी, कारण पुढे पावसाळ्यात लाकूड फुगून पकड आणखी घट्ट होते. पावसाळ्यात ठोकलेली पाचर पुढच्या उन्हाळ्यात हमखास सुटते. त्यानंतर दांड्याला जवसाचे तेल चोळावे. आपल्या विदर्भात ते सहज मिळते. त्या तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती दोरीवर पसरून वाळवावी, नाहीतर पाण्यात बुडवून मगच टाकावी.

आपला,
एक वाचक, नागपूर