विहिरीतले पेट्रोल आणि पाऊण भरलेली बाटली

संपादक महोदय,

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो, अशी बातमी दर काही महिन्यांनी कुठून ना कुठून येते. बघ्यांची गर्दी होते, पाण्याला काडी लावल्याचे व्हिडिओ फिरतात. मग मोटर लावून विहीर दोन-चारदा उपसतात आणि वास गेला की लोक पुन्हा हंडे भरू लागतात. माझा आक्षेप या 'वास गेला'ला आहे.

पाण्यावरचा तवंग उपसून निघतो. पण पेट्रोलमधले बेंझीन, टोल्युइन, झायलीन थोड्या प्रमाणात पाण्यात विरघळलेलेही असतात. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. जिभेला चव कळायला याच्या निदान पन्नासपट बेंझीन लागते, वास यायला तर हजारपट. शिवाय आपल्या काळ्या कातळात पाणी भेगाभेगांतून फिरते. मुरमात मुरलेले पेट्रोल पावसाळ्यात पातळी वर आली की पुन्हा विहिरीत उतरू शकते.

"पण पाणी तपासून घेतले होते ना?" असे विचारले जाते. कसे तपासले, ते मी बरेचदा पाहिले आहे. मिनरल वॉटरची रिकामी बाटली विसळायची, पाऊण भरायची आणि डिकीत टाकून भर उन्हात प्रयोगशाळेत न्यायची. हे पदार्थ मुळात उडून जाणारे. ते बाटलीतल्या मोकळ्या हवेत जातात आणि टोपण उघडताच पसार होतात. वर अहवालात असते काय, तर टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणता, नायट्रेट, फ्लोराईड, कोलिफॉर्म जंतू. बेंझीन कोणी शोधलेलेच नसते! खरा नमुना 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाखाली, काठोकाठ भरून घेतात. कुपी उलटी करून टिचकी मारल्यावर एकही बुडबुडा दिसता कामा नये. ती बर्फात ठेवून न्यायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे उडनशील पदार्थ वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायची.

पाणी शुद्ध करता येत नाही असे नाही. उंच मनोऱ्यात प्लास्टिकच्या तुकड्यांच्या थरावर वरून पाणी सोडतात आणि खालून पंख्याने हवा मारतात. पाण्यातले उडनशील पदार्थ हवेत निघून जातात, ती हवा सक्रिय कोळशातून, म्हणजे असे पदार्थ धरून ठेवणाऱ्या खास कोळशातून, गाळतात. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या विहिरींत 1980 मध्ये कारखान्यांतली अशीच उडून जाणारी विद्रावके (सॉल्व्हंट) सापडली, तेव्हा नॉर्थ हॉलीवूडला असाच मनोरा उभा राहिला. तो 1989 मध्ये सुरू झाला आणि तिथल्या भूजलाच्या सफाईचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. दोन दिवसांच्या उपशात हे काम उरकत नाही, एवढे तरी त्यातून कळावे. लहान गावाला थेट कोळशाच्या टाक्याही चालतील, मात्र कोळसा ठरल्या वेळी बदलायला हवा.

घरच्या यंत्रावर भिस्त ठेवू नये. अतिनील दिवा जंतू मारतो, बेंझीनला हात लावत नाही. आरओच्या पडद्यातून असे लहान रेणू काही प्रमाणात निसटतात. कार्बनची कांडी ते धरते, पण ती भरली हे सांगणारा दिवा यंत्रावर नसतो. पाणी उकळले तर हेच पदार्थ स्वयंपाकघराच्या हवेत येतात आणि ओट्याशी उभी असलेली बाई ते हुंगत राहते.

जिल्हा प्रशासन, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना विनंती की, पेट्रोलची गळकी टाकी आणि पाइप आधी बंद करावेत. विहीर पिण्यायोग्य ठरवण्यापूर्वी बेंझीनसह या पदार्थांची तपासणी करावी, ती पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा करावी आणि दोन्ही अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. खर्च ज्याच्या टाकीतून गळती झाली त्याच्याकडून वसूल करावा. तोवर टँकरचे पाणी मोफत मिळावे, आणि तेही आठवड्यातून एकदा नव्हे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नाशिक